न बसवलेल्या खुंट्या

७ नोव्हेंबर २००२, गुरुवार

आज नरहरराव आले आणि ती येणार असल्याचं सांगून गेले.

नरहरराव म्हणजे रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मंडळाच्या हॉलमध्ये मैफल असते. कधी गाणं, कधी सतार, कधी बासरी. शंभर-सव्वाशे खुर्च्या. पूर्वी निम्म्या रिकाम्या राहायच्या. छत्तीसगड वेगळं राज्य झाल्यापासून भोपाळहून आलेल्या साहेब लोकांची कुटुंबं येतात आणि गल्लीच्या तोंडाशी लाल दिव्याच्या गाड्या उभ्या राहतात. नरहररावांना त्याचा फार आनंद.

दिवाळीचा चिवडा खाता खाता म्हणाले, "मारोतराव, तीस तारखेला पियानो आहे. पहिल्यांदाच! मुंबईहून निवेदिताबाई येऊन राहिल्या. आपल्या तात्यापाऱ्याचीच मुलगी. फक्त तो पियानो तुम्ही सुरात लावून द्या."

माझी बायको प्रेमला आत भांडी लावत होती. आवाज एकदम बंद झाला.

मी नाही म्हणणार होतो. तोंडात शब्द आला होता. मग ते म्हणाले, "त्यांनी स्वतः तुमचं नाव घेतलं. मारोतराव रायपुरात असतील तर दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका म्हणाल्या."

म्हणजे तिला मी आठवतो. म्हणजे तिला सगळं आठवतं.

मी हो म्हटलं. हो म्हणताना मनात काय होतं ते खरं लिहितो. पियानो तीन आठवडे माझ्या हाती राहणार, आणि नंतर ती त्याच्यासमोर बसणार.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी फिरायला गेलो नाही. घराशेजारच्या बूढ़ा तलावाला चक्कर मारली की डोकं शांत होतं, आणि आज मला ते शांत करायचं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट एकदा कागदावर ठेवतो. तोंडाने कोणाला सांगितली नाही.

मी रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली. तिथल्या क्लबात जुना पियानो होता आणि पिंटो साहेब तो वाजवायचे. त्यांनी मला तारा बदलायला आणि सूर लावायला शिकवलं. वाजवायला शिकवलं नाही. म्हणाले, तुझं वय निघून गेलं. ते माझ्या मनाला लागलं. माझी मुलगी राधिका पाच वर्षांची झाली तेव्हा मी क्वार्टरमध्ये एक पियानो आणला आणि तिला साहेबांच्या हवाली केलं.

पहाटे साडेचारला उठवायचो. सहापर्यंत सप्तकं. मी मागे उभा असायचो, हातात फुटपट्टी. मनगट खाली गेलं की मनगटावर, बोट चुकलं की बोटावर. स्केल नीट आल्याशिवाय दूध नाही. एकदा ताप होता तरी बसवलं, परीक्षा जवळ आली होती. दोन तासांनी ओकली. मी पट्ट्या पुसल्या आणि पुन्हा बसवलं. कोणता बाप एवढं करतो? मोहल्ल्यातल्या पोरी लंगडी खेळायच्या तेव्हा माझी पोरगी जर्मन लोकांचं संगीत वाजवायची.

एक्याण्णव साली नागपूरला स्पर्धा झाली. राधिका सोळाची. परीक्षक म्हणून मुंबईहून निवेदिताबाई. राधिकानं एकही चूक न करता वाजवलं. मी विंगेत, तिच्या पाठीमागेच उभा होतो, प्रत्येक स्वर मोजत होतो. निकालाच्या वेळी बाई माइकवर म्हणाल्या, "या मुलीचे हात उत्तम आहेत. पण ही घाबरून वाजवते. माझी विनंती आहे, हिला वर्षभर पियानोपासून दूर ठेवा." आणि विंगेत माझ्याकडे बघून, "हिच्या मागे कोण उभं असतं?"

लोक हसले. तीनशे लोक.

राधिकाला काहीच बक्षीस मिळालं नाही. गाडीत ती दुर्ग स्टेशनपर्यंत झोपली. इतकी गाढ झोपलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी साडेचारला उठवायला गेलो तर म्हणाली, "बाबा, मॅडम ने मना किया है." पुन्हा बसलीच नाही. मारलं, तरी नाही. पुढच्या वर्षी मी पियानो अभनपूरच्या एका शाळेला देऊन टाकला.

अकरा वर्षांची मेहनत त्या बाईनं चार वाक्यांत संपवली. आज माझी पोरगी मंत्रालयात कॉम्प्युटरवर दुसऱ्यांची पत्रं टाइप करते. ज्या बोटांनी...

लिहवत नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

हॉलमध्ये जाऊन पियानो उघडला. क्लबातलाच आहे, पिंटो साहेबांचा. क्लब बंद झाला तेव्हा मंडळानं आणला. आत कसर लागली आहे, हातोड्यांवरचं लोकरी फेल्ट खाल्लं आहे, तारांवर आपटणाऱ्या दोन हातोड्या अडकतात. पण लाकूड अजून खणखणीत. नीट केला तर चांगला बोलेल.

पहिल्यांदा वाटलं, नीट करूच नये. पण मग नरहरराव कार्यक्रमच पुढे ढकलतील. आणि मग ती बसणार कशी?

म्हणजे आधी चांगला करायचा. इतका चांगला की तिनं निर्धास्त बसावं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

हातोड्या झाल्या. सकाळी नऊ ते एक काम. जेवायला घरी, पुन्हा चार ते सहा.

कोणत्या प्रकारे करायचं याचा विचार चालू आहे. तार अर्धी कापून ठेवली तर वाजवताना तुटेल, पण उडून डोळ्याला लागू शकते. मला तिचा डोळा नको. तिनं माझ्याशी जे केलं तेवढंच तिच्याशी व्हावं. लोकांसमोर. गावासमोर. तिच्याच गावासमोर.

प्रेमलानं विचारलं, "काय विचार करून राहिले जी तुमी? दोन दिवसापासून भाकर पुरती खात नाही."

म्हटलं, काम नाजूक आहे.

"त्या बाईवरचा राग सोडा आता."

"काहून सोडू?"

 मग पोळी उलटताना म्हणाली, "तुमी तिच्या मागं उभे राहत होते ना, तवा मले वाटे, पोट्टी श्वास तरी घेऊन राहिली का नाही."

बायकांना शिस्त कळत नाही. उठून हात धुतले.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज नवीनच. प्रेमला धुण्याचे कपडे काढत होती तर राधिकाच्या स्वेटरच्या खिशातून छोट्या लाइनचं, नॅरोगेज गाडीचं, तिकीट पडलं. रायपूर ते अभनपूर. मागच्या रविवारचं. रेल्वेच्या माणसाच्या घरात रेल्वेचं तिकीट लपत नाही.

राधिका दर रविवारी सकाळी जाते ते मला माहीत होतं. सहेलीकडे जाते म्हणायची, मी समजायचो गावातच, शंकरनगर नाहीतर टाटीबंध. संध्याकाळी आली तेव्हा विचारलं.

"ऑफिस की सहेली है बाबा, उधर ही रहती है."

"नाव काय?"

"पिंकी."

इतक्या पटकन नाव सांगितलं की खोटं असणार. सत्तावीस वर्षांची पोरगी. तीन स्थळं नाकारली. आता समजलं काहून.

स्टेशनवर जाऊन गुलाबरावला गाठलं. तो त्या लाइनवर गार्ड आहे. म्हणाला, "तुही पोट्टी? दर रविवारी जाते. तीन वर्षं झाली. एकटी जाते, एकटी येते. पिशवीत कागद राहते. येताना खिडकीत बसून गुणगुणत राहते."

गुणगुणत! अभनपुरात आहे तरी काय? धानाची मंडी आणि धूळ. कोण पोट्टा असेल तो? तीस तारीख होऊ दे, मग हे प्रकरण बघतो. एका वेळी एक.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं.

पियानोच्या तारा लोखंडी खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात आणि खुंट्या लाकडात घट्ट बसलेल्या. चावीनं खुंटी फिरवून तार सुरावर आणतात. पण नुसतं सुरावर आणून सोडायचं नसतं. थोडं पुढे न्यायचं, थोडं मागे आणायचं, आणि लाकडात खुंटी बसवायची. बसवली नाही तरी कानाला फरक कळत नाही. हलकं वाजवलं तरी टिकते. पण जोरात दहा मिनिटं वाजवलं की ती हळूहळू सरकते आणि सूर उतरतो.

कोणी म्हणणार नाही की कोणी काही केलं. थंडी, हवा, जुना पियानो. आणि ती मात्र सगळ्या गावासमोर बेसूर वाजवेल.

नरहररावांनी कार्ड छापून आणलं. गुलाबी कागद. पहिला भाग, निवेदिताबाईंचं एकल वादन. दुसरा भाग, एकाच पियानोवर चार हातांचं वादन, निवेदिताबाई आणि त्यांची एक शिष्या.

शिष्येचं नाव नाही. "कोण आहे?" विचारलं तर नरहरराव हसून म्हणाले, "सरप्राइज आहे."

असेल मुंबईची कोणी. तिला दूर ठेवलं नाही वाटतं वर्षभर! चांगलं आहे. पहिल्या भागात गुरूचं होईल, दुसऱ्या भागात शिष्येचं. त्या पोरीचा बाप पुढच्या रांगेत बसलेला असेल. त्यालाही कळू दे कसं वाटतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

राधिका आज अभनपूरला गेली नाही. म्हणे ऑफिसचं काम. सबंध आठवडा उशिरा येते आहे, नवीन राज्य, नवीन फायली. कणीक मळून झाली तरी ओट्यावर बोटं चालूच होती, टक टक टक. टायपिंगचा रोगच लागला आहे तिला. मी म्हटलं, "हात थांबव." एकदम हात मागे घेतले आणि मान खांद्यात घातली. लहानपणची सवय, गेली नाही अजून.

मग म्हणाली, "बाबा, शनिवार को आप हॉल में रहोगे?"

"राहणारच. ट्यूनर राहावंच लागतं."

"पूरा टाइम?"

"पूर्ण. तू कशाला विचारते?"

"ऐसे ही."

तिला त्या बाईचं तोंड बघायची इच्छा नसणार. म्हटलं, तू नको येऊ. तुझ्या वतीनं मी बघतो सगळं. ती काही बोलणार होती. प्रेमलानं तिला आत हाक मारली.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

ती आली.

पियानो बघायला, सकाळी अकराला. सुती साडी, केस अर्धे पांढरे, पायात साध्या चपला. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान दिसते, म्हणजे उंचीनं. दोन्ही हात जोडून म्हणाली, "नमस्कार मारोतराव. ओळखलंत?"

म्हटलं, "न ओळखून चालेल का?"

बसली. पाऊण तास वाजवलं. मी मागच्या भिंतीला टेकून ऐकलं. खोटं कशाला लिहू? कशाला आलो ते विसरलो. पिंटो साहेबांच्या पियानोत असा आवाज आहे हे मला ठाऊकच नव्हतं, आणि तो आवाज मी बाहेर काढला होता, माझ्या हातांनी, सतरा दिवसांत.

उठून म्हणाली, "मुंबईत मला असं लावून मिळत नाही." मग पट्ट्यांवर झाकण ओढत, "नागपूरचं ते मी माइकवर बोलायला नको होतं. तुमच्याशी बाजूला घेऊन बोलायला हवं होतं. तेव्हा मी तरुण होते, राग आला होता. लोकांसमोर बोलले ते चुकलं. जे बोलले ते मात्र आजही मला खरं वाटतं."

बघा! माफी मागतानाही चापट. तिला राग आला होता! तिला!

अकरा वर्षं सुचली नाही माफी, आणि पियानो माझ्या हाती आल्यावर सुचली. मी म्हटलं, "शनिवारी सकाळी शेवटचा हात मारतो."

म्हणाली, "तुमच्यावर सोडलं."

३० नोव्हेंबर, शनिवार

सकाळी आठ ते साडेदहा. हॉलमध्ये कोणी नव्हतं.

अकरा खुंट्या. मधल्या सप्तकापासून वर, जिथे तिचा उजवा हात सगळ्यात जास्त चालतो. आधी त्या ढिल्या केल्या, मग सुरावर आणल्या आणि बसवल्या नाहीत. पट्ट्या वाजवून पाहिल्या, काचेसारख्या स्वच्छ. माझ्या कानालाही ओळखू येणार नाही.

मध्ये थांबलो का? नाही. पिंटो साहेब आठवले का? हो. त्यांना म्हटलं, तुम्ही गप्प बसा.

आता आंघोळ करून पांढरा सदरा घालतो. प्रेमलाही येते म्हणते. कधी येत नाही. येऊ दे. तिनंही बघावं.

१ डिसेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहितो. क्रम चुकू देणार नाही.

सहाला सुरू झालं. हॉल भरला होता, मागे लोक उभे. मी बाजूच्या दाराजवळ स्टुलावर. निवेदिताबाईंनी पहिलं हलकं वाजवलं. काही झालं नाही. दुसरं मोठं होतं, जोराचं. मी घड्याळ बघत होतो. नवव्या मिनिटाला पहिली खुंटी सरकली.

एका स्वराच्या तीन तारा असतात. एक उतरली की स्वर थरथरतो, दोन माणसं एकदम बोलल्यासारखा. मग दुसरी, तिसरी सरकली. मग चौथी, पाचवी. माझ्या अंगातून असा आनंद गेला की मला स्टुलाची कड धरावी लागली. निवृत्तीच्या दिवशी नाही, लग्नात नाही, असा आनंद मला कधी झाला नव्हता.

आणि मग मी लोकांकडे बघितलं.

कोणाला काही कळलं नव्हतं. पुढच्या रांगेतली साहेबाची बायको डोळे मिटून डोलत होती. एक वकील ताल नसलेल्या जागी ताल देत होते. नरहररावांच्या डोळ्यांत पाणी. स्वर फाटत होते आणि लोक वाहवा करत होते. रायपुरात पियानो ऐकलाय कोणी की त्यांना बेसूर कळेल? अकरा वर्षांचा सूड सव्वाशे माणसांच्या कानांवरून घसरून गेला.

कळलं ते फक्त तिला. मी तिचे खांदे बघत होतो. एकदा थबकले. मग तिनं जोर काढून घेतला आणि त्या जागा फुलावरून हात फिरवावा तशा हळू वाजवत शेवटापर्यंत नेलं. उठून नमस्कार केला. टाळ्या. नरहररावांनी वीस मिनिटांची सुट्टी जाहीर केली आणि लोक चहा आणि गरम तळलेल्या आलूगुंड्यांकडे धावले.

तेव्हा विंगेतून राधिका आली.

प्रेमलाची हिरवी रेशमी साडी नेसली होती. मला वाटलं, ही इथे कशी? ही तर ऑफिसात. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला.

"बाबा, चावी."

"थंडीनं झालं असेल," मी म्हटलं. "जुनं लाकूड..."

"ग्यारह हैं. मैंने अंदर से गिन लीं." आणि मग ती मराठीत बोलली. घरात ती मराठीत कधी बोलत नाही. "तुमी खुंट्या बसवल्या नाही."

मी म्हटलं, "तुझ्यासाठी केलं."

"माझ्यासाठी?"

"दुसऱ्या भागात तिची शिष्या बसेल तेव्हा तिलाही..."

"मीच बसून राहिली, बाबा."

मी खिशातून चावी काढून दिली. 

ती पियानोपाशी गेली, वरचं झाकण उघडलं आणि कामाला लागली. लोक चहाचे कप घेऊन बघत उभे. थोडं पुढे, थोडं मागे, बसव. पट्टी जोरात वाजव. पुन्हा बघ. माझीच पद्धत. मी तिला कधी शिकवली नव्हती. लहानपणी मी काम करताना ती शेजारी बॅटरी धरून उभी असायची. तेव्हा बघितलं असेल. अभनपूरच्या शाळेतला आमचा पियानो तीन वर्षं तिनंच सुरात ठेवला, हे मला आज प्रेमलानं सांगितलं. मला हे सुचलं कसं नाही? मी तिथे कोण्या पोट्ट्याला शोधत होतो.

वीस मिनिटांत नऊ खुंट्या झाल्या. घंटा वाजली. दोन राहिल्या, नुसत्या सुरावर आणून सोडलेल्या.

निवेदिताबाई येऊन बसल्या, डाव्या बाजूला. राधिका उजवीकडे, वरच्या सप्तकात. नरहररावांनी माइकवर नाव घेतलं, "आपल्या बूढ़ापाऱ्याच्या राधिका मारोतराव", आणि लोकांनी आधी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या.

दुसरा भाग पंचवीस मिनिटांचा. मी ते संगीत ऐकलंच नाही. मी त्या दोन स्वरांची वाट बघत होतो. राधिकाचं बोट त्यांच्या जवळ गेलं की मी स्टुलावरून अर्धा उठायचो. पहिला टिकला. दुसरा अगदी शेवटी, सगळ्यात मोठ्या जागी, फाटला. ज्यांना कळत नव्हतं त्यांनाही या वेळी कळलं. पुढच्या रांगेतल्या बाईनं डोळे उघडले.

राधिकाची मान खांद्यात गेली नाही. मी तेच बघत होतो. तो स्वर पुन्हा आला, तिनं तो पुन्हा तसाच वाजवला, फाटका, पूर्ण जोरानं. आणि शेजारी बसलेल्या बाईकडे बघून हसली.

ती सोळा वर्षांची होईपर्यंत रोज पहाटे मी तिच्या मागे उभा होतो. पियानोवर हसताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. दिसलं कसं असतं? मला पाठ दिसायची.

जाताना निवेदिताबाई माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं आता सगळ्यांसमोर बोलणार. मी तयार होतो. खरं तर बोलावं असंच वाटत होतं. पण त्या अगदी हळू म्हणाल्या, "तिनं मला पत्र पाठवलं होतं, तीन वर्षांपूर्वी. वर्षभराऐवजी आठ वर्षं झाली, आता वाजवू का, असं विचारलं होतं. तुम्हाला सांगू नका म्हणाली, म्हणून सांगितलं नाही. आईला भेटायला मी महिन्या-दोन महिन्यांनी येते, तेव्हा तिला शिकवायला अभनपूरला जात होते." मग नमस्कार करून गेल्या.

घरी आलो. प्रेमलानं ताट वाढलं. म्हणाली, "त्या बाईनं आपली पोट्टी वाचवली जी. मले नागपूरलेच समजलं होतं. तुमाले सांगायची हिंमत नाही झाली."

३ डिसेंबर, मंगळवार

नरहररावांकडे जाऊन सांगितलं. मी मुद्दाम केलं. अकरा खुंट्या. मला मंडळातून काढा, पुन्हा पियानोला हात लावू देऊ नका.

ते हसायला लागले. "काय बोलून राहिले मारोतराव! इतका मस्त पियानो वाजला. कलेक्टर साहेबांच्या मिसेस विचारत होत्या, ट्यूनर कोण म्हणून. तुम्ही फार मनाला लावून घेता."

पुन्हा सांगितलं. पुन्हा हसले. चहा पाजला.

माझा सूडही कोणाला कळला नाही आणि गुन्हाही कळत नाही. ज्या तिघींना कळला त्या काही बोलत नाहीत.

राग गेला असं लिहिलं तर खोटं होईल. तो आहे, तेवढाच आहे. सकाळी उठलो की छातीवर बसलेला असतो. अकरा वर्षं मला माहीत होतं तो कोणाच्या दारात न्यायचा. आता घेऊन उभा आहे.

९ डिसेंबर, सोमवार

निवेदिताबाईंना पत्र लिहिलं. फाडलं. त्यात चार वेळा "माझी पोरगी" आलं होतं.

राधिका बोलते. भाजी काय, वीज गेली, नळ आला. तेवढंच. मी एकदा म्हटलं, "मी तुला फार मारलं का?"

ती पेपर वाचत होती. पान उलटलं नाही. "आपको याद नहीं?"

"आहे."

"तो फिर मुझसे क्यों पूछ रहे हो?"

२६ डिसेंबर, गुरुवार

राधिका आता मंडळाच्या हॉलमध्ये वाजवते. ऑफिसातून येताना, सहा ते सात. नरहररावांनी किल्ली दिली. मी पाच वाजता जाऊन राहिलेल्या दोन खुंट्या बसवून आलो, आणि इतर सगळ्याही तपासल्या. पावणेसहाला बाहेर पडलो. गल्लीच्या कोपऱ्यावर ती समोरून येत होती. थांबली.

"अंदर थे?"

"हव. काम होतं. झालं."

"कल से मत आना, बाबा. कुछ हुआ तो मैं कर लूँगी."

बरं म्हटलं. चौतीस वर्षं नोकरीत मला कोणी कामावरून काढलं नव्हतं.

२१ जानेवारी २००३, मंगळवार

या शनिवारची मैफल राधिकाची आहे. एकटीची. कार्ड नरहररावांकडून आलं, घरातून नाही. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवतो म्हणाले. मी म्हटलं, ठेवू नका.

रात्री जेवताना तिला विचारलं. बरेच दिवस शब्द जुळवत होतो, तरी चुकीचेच आले. "शनिवारी मी येऊ का?"

प्रेमला तूप वाढत होती, तिचा हात थांबला. राधिकानं वरणाची वाटी बाजूला ठेवली. खूप वेळ विचार केला. अकरा वर्षांपूर्वी असा वेळ तिनं घेतला असता तर मी तिला काय केलं असतं, ते मला माहीत आहे आणि तिलाही.

"मले विचार करू द्या," म्हणाली.

मराठीत म्हणाली.

आज मंगळवार. चार दिवस आहेत. तिनं हो म्हटलं तर जाईन, नाही म्हटलं तर घरी बसेन. पुन्हा विचारणार नाही.